कुत्र्याचा एमआरआय: आधी हात की आधी यंत्र?

पडवी (मूळ धागा)
आमच्या सहा वर्षांच्या डॅशुंडच्या मागच्या पायांची नखे दोन दिवस फरशीवर खरखर घासत होती आणि वळताना तिची कंबर कलत होती. पहिल्या दवाखान्यात तिला चालवूनही न पाहता एमआरआयची चिठ्ठी हाती दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास घालवला: पंजा उलटा करून टेकवला आणि ती तो सरळ करायला किती वेळ लावते ते पाहिले, पाठीवरून बोटे फिरवत दुखरी जागा शोधली, आणि मणक्यांमधली गादी सरकली असावी, पण ती अजून स्वतःच्या पायांवर चालते आहे तेव्हा चार आठवडे पिंजऱ्यात ठेवा, शी-शूपुरते पट्ट्याने बाहेर काढा, बिघडले तर त्याच दिवशी या, असे सांगितले. आज ती नीट चालते. ज्या चित्रामुळे उपचारात फरक पडणार नाही ते काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. खर्च तर आहेच, शिवाय कुत्र्याला निश्चल पडून राहायला सांगता येत नसल्याने पूर्ण भूलही द्यावी लागते.

उंबरठा
तुमची कुत्री चालत होती, म्हणून तुम्हाला हे तत्त्व परवडले. आमचा कुत्रा एका रात्री उठूच शकला नाही. बोटांमधली कातडी चिमट्याने दाबली तेव्हा त्याने पाय मागे ओढला आणि आम्ही हरखलो. पण डॉक्टर म्हणाले, ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, कळ मेंदूपर्यंत पोचते का ते पाहायचे आहे. आणखी जोरात दाबल्यावर तो मान वळवून केकाटला, आणि त्याच्या केकाटण्याने आम्हाला पहिल्यांदाच हायसे वाटले. ही खोल संवेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहापैकी नऊ कुत्री पुन्हा चालू लागतात. ती गेल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. एक्स-रेत मणके दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. गादी कोणत्या मणक्यांमधली सरकली आणि कोणत्या बाजूने उघडायचे, हे कळल्याशिवाय सर्जनने सुरी टेकवायची कुठे? शिवाय मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडूनही पाय असेच जातात, आणि तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो.

पडवी
पण तुमचे उदाहरण माझ्या विरोधात जातच नाही. तुमच्याकडे चिमटा आधी आला, यंत्र नंतर.

तालुक्याचा पशुवैद्य
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. डॅशुंडच्या गाद्या लहान वयातच सुकतात आणि त्यांत कॅल्शियम साठते, त्यामुळे एकाच एमआरआयमध्ये तीन-चार खराब गाद्या दिसू शकतात. आज पाय त्यांतल्या कोणत्या गादीने गेले, हे तपासणीशी ताडून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. याच कॅल्शियममुळे सरकलेली गादी पुष्कळदा सीटी स्कॅनमध्येही दिसते, आणि ते काही मिनिटांत होते. मुंबईत 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, याचा मला आनंदच आहे. पण पाठ दुखावलेल्या कुत्र्याला घाटातून गाडीत नेणे हाही एक धोका असतो. पाठवायचेच झाले तर मी त्याला फळीवर बांधतो आणि निघण्यापूर्वी प्लेटलेट तपासतो, कारण आमच्याकडे गोचीड ताप इतका आहे की टेबलावर घेतल्यावर रक्त थांबत नाही असे कळणे परवडत नाही.

सायंतारा
‘उपचारात फरक पडणार नसेल तर चित्र नको’ हा नियम मला मान्य नाही. आमच्या कुत्रीला दहाव्या वर्षी पहिली फिट आली. जन्मजात कल असलेला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो, म्हणून डॉक्टरांना शंका आली, आणि एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली. शस्त्रक्रिया करायची नाही हे आम्ही आधीच ठरवले होते, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो खर्च वायाच गेला. पण त्यानंतर मी दर फिटनंतर गोळीचा डोस कुठे चुकला हे शोधणे थांबवले, आणि तिला कधी निरोप द्यायचा हे आम्ही घरी बसून ठरवू शकलो.

पडवी
फिटच्या बाबतीत मी माझा नियम मागे घेतो. हा विचार मी केला नव्हता. पाठीच्या बाबतीत मात्र घेत नाही. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे: तिच्यावर कुत्रीचे वजन आहे, यंत्राचे नाव आहे, आणि ‘तपासणीत काय आढळले’ ही जागा कोरी आहे.