मदत हवी आहे: पोलिस कुत्र्यासाठी जमवलेली वर्गणी निवृत्त कुत्र्याच्या औषधपाण्याला वापरता येते का?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत नॉनप्रॉफिटचे हिशेब बघणारं कुणी इथे असेल तर प्लीज वाचा, जरा घाईत आहे.

मी ओहायोतल्या एका लहान गावात राहते, वस्ती सातेक हजार. इथल्या पोलिसांकडे एकच कुत्रा, रेक्स, बेल्जियन मॅलिनवा, हॉलंडहून आणलेला, अजून त्याला हुकूम डचमध्येच देतात. नगरपालिकेकडे पैसे नव्हते म्हणून २०१७ साली गावाने वर्गणी काढली, पॅनकेकचा नाश्ता ठेवला, शाळेतल्या पोरांनी लेमोनेड विकून बरणीभर चिल्लर आणून दिली, त्यातून तो आला. त्यासाठी ५०१सी३ (म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय) संस्था काढली आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये खजिनदारकी माझ्याकडे आली.

कागद हातात घेतले तर आधीची दोन वर्षं ९९०-एन, म्हणजे संस्थेने दरवर्षी कर खात्याला द्यायचा फॉर्म, भरलेलाच नाही! वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असली की हा छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो, पण लागोपाठ तीन वर्षं राहिला तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो, आणि तिसऱ्या वर्षाची १५ मे तोंडावर आली होती. त्याच रात्री बसून भरला. २५० डॉलर आणि त्यावरच्या देणगीवर कर वजावट घ्यायची तर देणगीदाराला लेखी पोचपावती लागते, त्याही शोधून शोधून पाठवल्या. ते निस्तरलं, आता खरा प्रश्न.

रेक्सला गांजाचा वास शिकवलाय. ओहायोत ७ डिसेंबर २०२३ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा कायदेशीर झाला. कुत्रा खाली बसून खूण करतो, पण सापडलं ते गांजा की फेंटानिलसारखं बेकायदा ड्रग हे त्याला थोडंच सांगता येतं, मग त्या खुणेवर गाडीची झडती घेतली की कोर्टात वाद होणार, आणि एकदा शिकवलेला वास भरवशाने विसरायला लावता येत नाही. त्यात त्याचे मागचे पायही गेलेत. गेल्या आठवड्यात मी स्टेशनच्या पार्किंगमध्ये होते, त्याने एसयूव्हीच्या मागे पुढचे दोन पाय टेकवले आणि मान वळवून हँडलरकडे (त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाकडे) बघत तसाच थांबला. इतकी वर्षं दार उघडायच्या आत उडी मारायचा तो. हँडलरने काही न बोलता उचलून आत ठेवला.

म्हणून रेक्स आता निवृत्त होणार, आणि नव्या कुत्र्यासाठी १९ हजार डॉलर पटापट जमले. जुन्याचं काय हे कुणीच विचारत नाही. इथल्या कायद्याने निवृत्त कुत्रा हँडलर एक डॉलरला विकत घेऊ शकतो, आमचा घेणारच आहे, पण त्या क्षणापासून कुत्रा त्याचा खासगी झाला, म्हणजे एक्सरे, इंजेक्शनं, दुखण्याच्या गोळ्या सगळं त्याच्या पगारातून. घरात दोन लहान मुलं आहेत त्याच्या.

मी म्हटलं वर्षाला दोन हजार बाजूला ठेवू. तर अध्यक्ष म्हणाले, आपल्या घटनेत फक्त 'खरेदी, प्रशिक्षण आणि साहित्य' लिहिलंय. सगळ्यात मोठ्या देणगीदाराने तर चेकसोबत 'नव्या कुत्र्यासाठी' असं लिहूनच दिलंय, त्या पैशाला हात लावायचा नाही हे मलाही पटतं. पण बाकीचं? घटनेत 'निवृत्त कुत्र्यांची देखभाल' घातलं तर आधी जमलेले पैसे त्यात धरता येतात, की त्यासाठी वेगळी वर्गणीच काढावी लागेल? शिवाय हँडलर आमच्या कमिटीवर आहे, म्हणजे आतल्या माणसाचा फायदा करून दिला असं होईल का? त्याने मतदानातून बाहेर राहायचं आणि पैसे त्याच्या हातात न देता थेट व्हेटचं बिल भरायचं, एवढं पुरेल की त्याने राजीनामाच द्यावा?

(नगरपालिकेचं आणखी एक चाललंय, हँडलर घरी कुत्र्याचं करतो त्या तासांचा पगार आम्ही द्यावा म्हणून. ते कामाचेच तास आहेत, पगार मालकाने द्यायचा, मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलंय.)

वकील गाठणारच आहे, पण अशा संस्थेत काम केलेल्या कुणाचा अनुभव आधी कळला तर नीट प्रश्न विचारता येतील. मीटिंग येत्या गुरुवारी आहे. घटनादुरुस्तीचा मसुदा कुणाकडे असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.