ऑनलाइन समर अकादमी : लोकशाही आणि डिजिटल धोके. अर्ज करू का? सल्ला हवा

राळेगावची_परिचालक
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, वय २७. युरोपातल्या एका संस्थेची नोकरदार तरुणांसाठी ऑनलाइन अकादमी आहे. जुलैमध्ये दोन आठवडे, सगळं इंग्रजीत.

काहून करावीशी वाटते ते सांगते. मागच्या महिन्यात शेजारची आजी सकाळी नऊलाच पंचायतीच्या पायरीवर येऊन बसली. हातात नातवाचा फोन. व्हॉट्सॲपवर मेसेज होता, 'तुमचं नाव मतदार यादीतून कमी झालं आहे, खालची फाईल उघडा.' फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. असल्या ॲपमधून खात्यातले पैसे जातात. बरं झालं, तिला ती उघडता आली नाही. मी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर तिच्या ओळखपत्राचा नंबर टाकून दाखवला, नाव जागच्या जागी होतं. तरी तिनं तीनदा विचारलं, "माय, मंग मले मत देता येईन नं?" पैसे वाचले, पण यादीवरचा तिचा भरवसा हलला. 'अशी फाईल उघडू नका' एवढंच मला सांगता येतं. त्याच्या पुढचं शिकायचं आहे.

अडचणी अशा : इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडते. पाऊस आला की लाईन जाते. आणि जुलैत घरी निंदण-डवरणी सुरू असते.

पुलगावकर
ताई, नक्की करा. मी तालुका वार्ताहर आहे, दोन वर्षांआधी अशाच एका अकादमीत होतो. उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. त्यांचा दुपारी दोनचा वर्ग आपल्याकडे साडेपाचला. वावरातून येऊन हातपाय धुऊन बसता येतं. कॅमेरा बंद ठेवला तर दिवसाचा दीड जीबी पुरतो. लाईन जाते हे अर्जातच लिहा आणि वर्गाचं रेकॉर्डिंग मिळेल का ते विचारून घ्या.

अर्जाच्या पत्रात आजीचा प्रसंग जसा इथे लिहिला तसाच लिहा. 'मला लोकशाहीबद्दल आस्था आहे' हे सगळेच लिहितात. आणि अर्ज संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. कोणी मेसेज करून आधारचा फोटो किंवा यूपीआयवर नोंदणीचे पैसे मागितले तर तिथेच थांबा.

साकोलीचे_मास्तर
करा, पण एक तयारी ठेवून जा. तिथली उदाहरणं तिकडची असतील. डिसेंबर २०२४ मध्ये रुमेनियाच्या घटनात्मक न्यायालयानं पहिली फेरी झाल्यावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. टिकटॉकवर एका उमेदवारासाठी संघटित प्रचार झाल्याची गुप्तचर कागदपत्रं त्याच्या दोन दिवस आधी उघड झाली होती. हे शिकण्यासारखंच आहे. पण टिकटॉकवरचं निदान सगळ्यांना दिसतं. आपल्याकडची अफवा गावाच्या बंद ग्रुपमध्ये फिरते, बाहेरच्या कोणाला दिसतच नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मी हे सातवीच्या पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. बंद ग्रुपमध्ये खरं कोणी, कसं पोचवायचं, हा प्रश्न तुम्ही तिथे विचाराच. तुमच्याकडे तो अनुभवातून आला आहे.

कुरखेड्याची_ताई
इंग्रजी बोलायला भीती वाटली तर चॅटमध्ये लिहून विचार गं. मी तसंच केलं होतं, तिसऱ्या दिवशी आपोआप माईक सुरू केला.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, एकमत होईपर्यंत बोलणं चालतं. शिकून आलीस की बचत गटाच्या बायांचा तसाच अभ्यासगट लाव. एकेकीच्या फोनवरचा एकेक मेसेज घेऊन बसायचं. आणि पंचायतीच्या दारावर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आजच मोठ्या अक्षरात लिही, त्याला अकादमी लागत नाही.

राळेगावची_परिचालक
सगळ्यांचे मनापासून आभार. १९३० दुपारीच लिहिला, ऑइल पेंटनं. घरी बोलले, बाबा म्हणाले साडेपाचनंतर डवरणी नसतेच. मास्तर, तुमचा प्रश्न पत्रात घेते. रविवारी मसुदा इथे टाकते, इंग्रजी कोणी तपासून द्याल का?