शेततळ्यात अन् गोठ्यापाशी कासवं येऊ लागलीत, काय करावं?

आखाडा_औसा
नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, तेरणा नदी आमच्या वावरापासून दीडेक किलोमीटर असंल. मृगाचा पहिला दणका पडून गेला अन् दुसऱ्या दिवशी पहाटं धार काढायला गेलो तर हौदातून सांडलेल्या पाण्याच्या चिखलात पालथी कढई पडल्यासारखं काहीतरी दिसलं. पायानं सरकवायला गेलो तर त्यातून हातभर वाटावी अशी मान बाहेर आली अन् फुस्स केलं. कासव! चांगलं तव्याएवढं. पाठ कडक नाही, ओल्या चामड्यासारखी, रंग शेवाळी-तपकिरी, पोट पांढरं. सगळ्यात नवल म्हणजे मागचे पाय आत घेतले की पोटाकडून दोन झडपा येऊन दार लावल्यासारखं बंद होतंय.

बरं हे एकच नाही. आमचं ३० बाय ३० चं शेततळं हाय, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, त्यात गेल्या साली रोहू-कटल्याची बोटुकली सोडलीती. त्यात पण दोन दिसली. रात्री मोटर चालू करायला गेलं की काठावर खर्र खर्र आवाज येतो, बॅटरी मारली की पाण्यात.

आता घरात चार माणसांची चार मतं. माय म्हणती देव आला दारात, तिनं तर हळदी-कुंकू पण वाहिलं. भाऊ म्हणतो कागद फाडतील अन् मासे खातील, धरून लांब धरणात सोडून ये. लेकरं म्हणतात टबात ठेवू. अन् काल संध्याकाळी ओळखीचा ना पाळखीचा एक माणूस गाडीवर आला, गावात कुणाकडून तरी कळालं म्हणं, नखं मोजून सांगा, वीस असली तर तुमचं कल्याण होईल. मी त्याला वाटंला लावलं पण तेव्हापासून जीवाला घोर लागलाय. जाणकारांनी सांगा, खरंच कागदाला अन् माशांना धोका हाय का, लेकरांना चावतं का, अन् ह्या जीवाचं काय करावं?

रानवाटा_हिंगोली
दादा, आधी त्या गाडीवाल्याचं बोलतो कारण तेच सगळ्यात घाईचं. तुम्ही जे वर्णन केलंय, मऊ पाठ अन् मागच्या पायावर झडपा, ते आपल्याकडचं तळ्या-नाल्यातलं मऊ पाठीचं कासव आहे. ह्याच्या प्रत्येक पायाला बोटं पाच असली तरी बाहेर नखं तीनच दिसतात. चार पायाची झाली बारा. वीस होणारच नाहीत. दुसरं ते कडक पाठीचं काळं कासव, काही ठिकाणी तळ्यात-विहिरीत सापडतं, त्याला पुढं पाच-पाच, मागं चार-चार, म्हणजे अठरा. पैशाचा पाऊस पाडतो म्हणून नखं मोजत फिरणारे लोक ह्या बिचाऱ्या जीवाला पोत्यात बांधून दिवसेंदिवस फिरवतात, मला हे लिहिताना पण त्रास होतो.

कायदा पण माहिती असू द्या, गावात चार लोकांना सांगायला कामाला येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव अनुसूची १ मधे आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. धरणं, विकणं, घरात पाळणं सगळं गुन्हा, अन् २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ३ वर्षं ते ७ वर्षं, दंड २५,००० च्या खाली नाही. वरून जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहेच. तो माणूस परत आला तर गाडीचा नंबर लिहून घ्या अन् वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, फुकट लागतो. अन् तुमच्याकडं कासव आहे हे व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकू नका, फोटो टाकला की जागा कळते.

मायला म्हणावं, देव म्हणून हात जोडा, पण कुंकू-तेल लावू नका. ह्याची कातडी नुसतं पांघरूण नाही, पाण्यात असताना थोडाफार श्वास ते कातडीतून पण घेतं. लावलं असंल तर साध्या पाण्यानं हळू धुऊन काढा.

चावतं का? हो, चावतं. मान लांब आहे, वळवून मागं पार पाठीपर्यंत आणतं. उचलायचंच झालं तर दोन्ही हातानं पाठीच्या मागच्या भागाला धरा, शेपटीला धरून लटकवू नका, अन् नंतर हात साबणानं धुवा, लेकरांनी तर नक्की, कासवाच्या अंगावर सालमोनेला म्हणून जंतू असतो त्यानं जुलाब-ताप होतो.

बाभूळबन_अंबड
माझं शेततळं सहा वर्षांचं झालं, अंबड तालुक्यात, म्हणून कागदाचं मी सांगतो. ह्या सहा वर्षांत कागद दोनदा फाटला, एकदा रानडुक्कर घुसलं अन् एकदा आमच्याच माणसानं खोऱ्या मारला. कासवानं नाही. नखाचे ओरखडे दिसतात, वरवरचे. पण भाऊ, धोका कागदाला कासवाचा नाही, कासवाला कागदाचा आहे. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात पाणी तळाला गेलं तेव्हा मला कोपऱ्यात दोन मेलेली कासवं सापडली. त्यांच्या वरच्या बाजूला कागदावर पांढुरक्या ओरखड्यांचे पट्टेच पट्टे होते, पार पुरुषभर उंचीपर्यंत. चढायचं, घसरायचं, परत चढायचं. किती रात्री चाललं असंल काय माहीत. तुम्हाला जो खर्र खर्र आवाज येतोय ना तो तोच आहे, ते कागद फाडत नाहीयेत, ते बाहेर निघायला बघतायत. मातीच्या तळ्यात ते पाणी आटलं की चिखलात खोल जाऊन महिनोन्महिने पडून राहतं, कागदात चिखल कुठून आणणार. मादीला अंडी घालायला पण कोरडी माती लागते.

तेव्हापासून मी हे करतो. काथ्याच्या दोरीची जाळी, नसंल तर जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या एकमेकाला शिवून, वरच्या बांधावर खुंट्याला घट्ट बांधायची अन् खाली पाण्यात पार तळाच्या जवळ जाईल इतकी सोडायची, खालच्या टोकाला रेतीनं भरलेलं पोतं, म्हणजे तरंगत नाही. दगड बांधू नका, कागद कापतो. चार कोपऱ्याला चार केलं तर उत्तम, नाहीतर समोरासमोर दोन तरी. नायलॉनची मासेमारीची जाळी चुकूनसुद्धा वापरू नका, मान अडकून मरतंय त्यात. खर्च जवळजवळ काहीच नाही, अन् ह्यावरूनच सरडे, मुंगसं, एकदा तर शेळीचं करडू वर आलंय. अन् खरं सांगू, लेकरू पाय घसरून पडलं तर धरायला काहीतरी राहतं. तेवढ्यासाठी तरी उद्याच बांधा.

गोदाकाठ_नांदेड
माशांचं राहिलं. कासव धडधाकट रोहूच्या मागं लागून त्याला धरू शकत नाही हो. ते मेलेले मासे, बेडकं, बेडकांची पिलं, पाण्यातल्या गोगलगायी, किडे, शेवाळ-वनस्पती असलं खातं. बारीक बोटुकली नुकतीच सोडलेली असंल तर थोडीफार जाईल, पण बगळे-पाणकावळे जेवढी नेतात त्यापुढं काहीच नाही. उलट मेलेला मासा सडून पाणी नासायच्या आत खाऊन टाकतं हा फायदाच. फक्त २०२२ ला लातूर-बीडकडं सोयाबीनवर शंखी गोगलगाय जशी तुटून पडली होती तिचा बंदोबस्त कासव करील असं कुणी समजू नका, वावरात ते काम त्याचं नाही.

अजून एक, आमच्या गोदावरीत ह्याच्याहून मोठं मऊ पाठीचं कासव असतं, त्याच्या पिलाच्या पाठीवर डोळ्यासारखे गोल ठिपके असतात, ते तर जगातून संपायच्या मार्गावर आहे. तुमच्या नदीत कुणाला असं ठिपक्याचं पिलू दिसलं तर वनविभागाला नक्की कळवा.

पैठणची_लेक
आमच्याकडं पूर्वीपासून विहिरीत कासव सोडायची पद्धत आहे, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. आमच्या आजोबांनी सोडलेलं कासव मी लहानपणी बघितलंय, भाकरीचा तुकडा टाकला की वर यायचं. मग शेततळ्यातून काढून विहिरीत सोडलं तर नाही का चालणार? दोन्ही कामं होतील.

बाभूळबन_अंबड
ताई, आमच्या आज्जाची पण विहीर तशीच होती, त्या लोकांचा भाव चांगला होता ह्यात शंकाच नाही. पण विहिरीच्या कडा सरळ उभ्या, तिथून ते जन्मात बाहेर येत नाही. जगतं, पण एकटं जगतं अन् अंडी घालायला माती नसल्यामुळं त्याचा वंश तिथंच थांबतो. जुन्या बारवांना पायऱ्या होत्या तिथली गोष्ट वेगळी. मी तर म्हणतो कुठंच नेऊ नका, लांबच्या धरणात पण नाही. ह्याला आपला नाला, आपला ओढा माहिती असतो, अनोळखी ठिकाणी सोडलं की रस्ते ओलांडत भटकतं. गोठ्यातलं कासव ज्या दिशेनं आलं त्याच दिशेच्या नाल्याच्या कडेला, अंधार पडल्यावर, पाण्याशेजारी ठेवा, पाण्यात फेकू नका. आपण होऊन जाईल.

गाळपेरा_बीड
हे कासव पावसात येतं कुठून असं खूप जणांना वाटतं, एक सांगतो. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो. आमच्या गावचं पाझर तलाव ठणठणीत कोरडं, जेसीबीनं गाळ काढणं चालू होतं अन् मी ट्रॅक्टरवर होतो. ट्रॉली वावरात ओतली, फावड्यानं पांगवायला लागलो तर एक ढेकूळ हललं. हातात घेतलं, वरची माती खरवडली तर आत कासव, डोळे मिटलेले, नाकपुड्यापाशी फक्त सुईएवढी ओल. त्या दिवशी एका ट्रॉलीत तीन निघाली. वर पाणी नाही, चारा नाही, जनावरं छावणीत, अन् हा जीव तीन-चार हात खाली चिखलात अंगातल्या चरबीवर दिवस काढत पडलेला. आम्ही ती तलावाच्या जिथं थोडी ओल होती त्या कोपऱ्यात परत पुरली, सावलीला बाभळीचा पाला टाकला. तेव्हापासून आमच्याकडं गाळ काढताना ओलीचा तो कोपरा शेवटपर्यंत हात न लावता सोडतात अन् ट्रॉली ओतली की एक माणूस ढेकळं बघतो. गाळमुक्त धरणाचं काम ज्यांच्या गावात चालू आहे त्यांनी एवढं जरूर करा.

शिवारफेरी_संभाजीनगर
थोडं वेगळं पण ह्याच धाग्यात विचारते. भाच्यानं दुकानातून दोन हिरवी छोटी कासवं आणली होती, कानापाशी लाल पट्टा आहे, आता ती मोठी झालीत, ताई म्हणते गावी शेततळ्यात सोडून येऊ.

रानवाटा_हिंगोली
नका सोडू, हात जोडतो. ते लाल पट्ट्याचं कासव अमेरिकेतलं आहे, आपल्या पाण्यात सुटलं की आपल्या कासवाचं खाणं अन् ऊन खायची जागा बळकावतं, रोग पण देतं. घरात मोठ्या टाकीत सांभाळा, नाही जमलं तर १९२६ वर विचारून प्राण्यांच्या बचाव केंद्रात द्या. तळं, नदी, मंदिराचं कुंड, कुठंच नाही.

आखाडा_औसा
उशिरा लिहितोय, पेरणीच्या गडबडीत राहिलं, आता पोळा पण होऊन गेला. तुम्ही सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोणपाटाच्या तीन पट्ट्या शिवून बांधल्या, मायनंच सुई-सुतळी घेऊन शिवल्या. तिला म्हणलं हळदी-कुंकवाऐवजी हीच पूजा समज, तर तिला ते पटलं. तिसऱ्या रात्री मी अन् पोरगा बांधावर चादर घेऊन बसलो. बारा वाजून गेल्यावर पट्टी हलायला लागली. आधी ते निमुळतं नाकाड वर आलं, मग थांबलं, मग एक पाय, परत थांबलं. बांधावर आल्यावर आमच्याकडं बघितलं पण नाही, सरळ नाल्याच्या उताराला लागलं. दुसरं कधी गेलं कळालं नाही, पट्टीवर चिखलाचा माग होता. आता ती येतात अन् जातात, खर्र खर्र बंद झालं.

गाडीवाला परत आला नाही. भावाचा पण राग गेलाय, मासे जसेच्या तसे हायत.

अन् परवा तुरीच्या बांधाला बाभळीखाली माती उकरलेली दिसली. हातानं वरची माती जराशी सरकवली तर पांढरी गोल अंडी, लिंबापेक्षा बारीक, पाच तरी दिसली. लगेच झाकून टाकली. अंडी हलवून ठेवावीत का, कुत्री-मुंगसं लई हायत?

रानवाटा_हिंगोली
हलवू नका, उलटी-सुलटी तर अजिबातच नाही, अंडं फिरलं की आतला जीव सुटून मरतो. वरून काटेरी बाभळीच्या फांद्या टाका, पिलाला निघायला फटी राहतील एवढ्या विरळ. महिनोन्महिने लागू शकतात, धीर धरा, उकरून बघत बसू नका.

आखाडा_औसा
टाकल्या फांद्या. चार कोपऱ्याला चार काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्यात, हरभऱ्याच्या पेरणीला ट्रॅक्टर तेवढी जागा सोडून वळंल. पोरगा शाळेत जाताना रोज लांबूनच बघून जातो. पिलं निघाली की इथंच कळवतो.