सर्व्हरचं हँडबुक नेटवर्कवाल्याने वाचावं का?

पॅकेटवाला

आमच्याकडे नेटवर्क टीममध्ये नवीन पोरगं आलंय. सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करून आलेलं, हुशार. पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर मी 'युनिक्स अँड लिनक्स सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हँडबुक'ची पाचवी आवृत्ती ठेवली. जाडी बघून म्हणालं, "सर, मी नेटवर्कमध्ये आहे. हे सर्व्हरवाल्यांचं आहे ना?"

त्याला उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून हा धागा.

पुस्तक माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१७ चं, बाराशेच्या वर पानं, उदाहरणं डेबियन, उबंटू, रेड हॅट, सेंटओएस आणि फ्रीबीएसडीवरची. मधे टीसीपी-आयपी (इंटरनेटवर डेटा नेण्याचे नियम), फिजिकल नेटवर्किंग, आयपी राउटिंग (कुठल्या रस्त्याने न्यायचा ते) आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) अशी सलग चार प्रकरणं आहेत. माझं म्हणणं असं की नेटवर्कवाल्याने ही चार तर वाचावीतच, पण त्याला खरा फायदा होतो तो बाकीच्या पुस्तकाचा.

का, ते सांगतो. मागच्या एका नोकरीतली गोष्ट. एका सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, एक रोजच्या वापराचं आणि दुसरं बॅकअपच्या नेटवर्कचं. नवीन बॅकअप सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) बसवला, तो या सर्व्हरला पोचेना. आम्ही स्विचवर पोर्ट मिरर (एका पोर्टवरचा ट्रॅफिक दुसऱ्यावर बघायची सोय) लावला, डेटाचं पॅकेट सर्व्हरकडे जाताना दिसतंय. सर्व्हरवाले म्हणाले, सर्व्हिस चालू आहे, फायरवॉल बंद आहे, प्रॉब्लेम तुमच्याकडचा. दोन दिवस मेलामेली. शेवटी सर्व्हरवरच टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावला तर पॅकेट तिथेही येताना दिसतंय, उत्तर मात्र नाही. म्हणजे पॅकेट घरात शिरलं आणि उंबऱ्याच्या आत गायब.

कारण आरपी_फिल्टर, लिनक्सची एक सेटिंग. ते १ वर असलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) विचारतं, ज्याच्याकडून हे पॅकेट आलं त्याला उत्तर द्यायचं तर मी याच कार्डातून देईन का? डीफॉल्ट राउट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) पहिल्या कार्डावर होता, त्यामुळे उत्तर 'नाही', आणि पॅकेट गुपचूप कचऱ्यात. लॉग चालू केले असते तर 'मार्शियन' म्हणून नोंद दिसली असती. मंगळावरून आलेलं पॅकेट! आलं होतं शेजारच्या रॅकमधून.

ही केस पुस्तकात जशीच्या तशी सापडेल असं मी म्हणत नाही. पण पॅकेट केबलमधून आत गेल्यावर पुढे बराच मोठा प्रवास असतो, ही जाणीव मला तिथून आली. आपल्या सर्टिफिकेशनमध्ये सर्व्हर म्हणजे चित्राच्या कडेला काढलेला एक डबा.

केबलकाका

पॅकेटवाला, गोष्ट छान आहे, पण निष्कर्ष तुमच्या सोयीचा आहे. आरपी_फिल्टर तुम्हाला टीसीपीडम्पने सापडलं, पुस्तकाने नाही.

मी पंधरा वर्षं स्विच-राउटरमध्ये आहे. माझा दिवस जातो स्विचांच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये, राउटरांच्या ओएसपीएफ नेबरशिपमध्ये, लिंक प्रोव्हायडरशी भांडण्यात. या पुस्तकात आख्खं आयपी राउटिंग एका प्रकरणात उरकलंय. सर्व्हरवाल्याला तेवढं पुरतं. नेटवर्कवाल्याला ती तोंडओळख आहे, आणि तोंडओळखीसाठी कोणी एवढं वजन उचलत नाही.

दुसरं, पुस्तक शिळं झालंय. २०१७ ला ते आलं आणि त्याच वर्षी उबंटूने १७.१० मध्ये नेटप्लॅन आणलं, म्हणजे उबंटूवर आयपी कसा द्यायचा हेच काही महिन्यांत बदललं. फायरवॉल जुन्या आयपीटेबल्सची, आणि डेबियन २०१९ पासून डीफॉल्ट त्याच्या जागी आलेल्या एनएफटेबल्सवर. उदाहरणांतलं सेंटओएस तर राहिलंच नाही, शेवटच्या ७ चा सपोर्टही ३० जून २०२४ ला संपला. नवीन पोराच्या हातात ही यादी द्यायची? त्याला वेंडरची डॉक्युमेंट्स द्या, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे मूळ दस्तऐवज) द्या, एक लॅब द्या.

भुंगा

आमच्या सर्व्हर रूममध्ये आहे एक प्रत. रॅकचं दार आपोआप बंद होतं, त्याला अडसर म्हणून. अत्यंत उपयुक्त ग्रंथ.

नॉकवाली

काका, "सर्व्हरवाल्याला पुरतं, नेटवर्कवाल्याला पुरत नाही" ही वाटणीच मला पटत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो? आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळं एकदम गेलं आणि सहा तासांच्या वर गेलेलंच राहिलं. माझी तेव्हा नाइट होती. नॉकमधला (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी आमची खोली) प्रत्येक फोन "तुमचं इंटरनेट बंद आहे" म्हणून. लोकांना सांगून सांगून घसा बसला की इंटरनेट चालू आहे, समोरचं घर बंद आहे.

झालं काय होतं, तर बॅकबोनची (डेटा सेंटरं जोडणाऱ्या त्यांच्या मुख्य नेटवर्कची) क्षमता बघण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने बॅकबोनच पाडला. अशा कमांडला अडवायला एक ऑडिट टूल होतं, त्यातच बग. इथपर्यंत नेटवर्कची गोष्ट. पण पुढचं बघा. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर आपणच आजारी आहोत असं समजून बीजीपीची जाहिरात (आमच्याकडे यायचा रस्ता हा, असं बाकी नेटवर्कांना सांगणं) मागे घ्यायची. त्यांनी इमानदारीत घेतली. सर्व्हर चालू, डीएनएस चालू, आणि जगातून तिकडे जायला रस्ताच नाही.

आता सांगा, हा बिघाड सर्व्हरचा की नेटवर्कचा? सर्व्हरच बीजीपी बोलत असताना "मी फक्त स्विच-राउटर बघतो" म्हणणारा माणूस रात्री दोन वाजता काय शोधणार?

केबलकाका

ताई, मुद्दा बिनतोड आहे, पण पुन्हा तेच. हे तुम्हाला कुठून कळलं? फेसबुकच्या इंजिनिअरांनी झाल्या प्रकाराचा लेखाजोखा प्रसिद्ध केला म्हणून. शिकायचंय तर असले बिघाडांचे अहवाल वाचा. फुकट असतात, ताजे असतात आणि बाराशे पानांचे नसतात.

नॉकवाली

काका, तो अहवाल मी त्याच आठवड्यात वाचला आणि एका बैठकीत समजला, कारण डीएनएस सर्व्हर आतून कसा चालतो हे आधी माहीत होतं. आमच्या टीममध्ये दोघांनी तोच अहवाल वाचून "बीजीपी गेलं" एवढंच ध्यानात ठेवलं.

सांगलीवाला

मोठ्या शहरातल्या लोकांचं भांडण वाचून मजा येते. आमच्याकडे नेटवर्क टीम म्हणजे मी, सर्व्हर टीम म्हणजे मी, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तर ती टीमही मीच. एका शिक्षण संस्थेत आहे, तालुक्यांमध्ये शाखा आहेत.

दोन्ही बाजूंचं एकेक सांगतो.

एका शाखेतून आमच्या सर्व्हरवर लॉगिनचं पान उघडायचं, पासवर्ड घेतला जायचा, आणि विद्यार्थ्यांची यादी मागवली की पान नुसतं फिरत बसायचं. बाकी शाखा ठणठणीत. कनेक्शन देणारा म्हणे स्पीड टेस्ट बघा. स्पीड फर्स्ट क्लास. मला दोन-तीन दिवसांनी सुचलं की छोटं सगळं जातंय, मोठं अडतंय. त्या शाखेला ब्रॉडबँड पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायची पद्धत) होतं, त्यात आठ बाइट हेडरमध्ये जातात, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२. सर्व्हर १५०० चं पॅकेट 'तुकडे करू नका' असा शिक्का मारून पाठवणार, मधला राउटर आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप देणारा प्रोटोकॉल) कळवणार की बाबा मोठं होतंय, कमी कर. आणि आमच्या फायरवॉलवर माझ्या आधीच्या माणसाने सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवलेलं. निरोपच पोचत नव्हता. सर्व्हर बिचारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसलेला. तो निरोप फायरवॉलमधून सोडला, शाखेच्या राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १४५२ केला, यादी उघडली.

हे सुचलं ते याच पुस्तकात एमटीयूबद्दल (पॅकेटच्या कमाल आकाराबद्दल) वाचलेलं डोक्याच्या कोपऱ्यात होतं म्हणून. खोटं कशाला बोलू.

आता दुसरी बाजू. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आला: लॉग १८० दिवस ठेवा, तेही देशात, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी) जुळवा, सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. अमेरिकेत लिहिलेल्या २०१७ च्या पुस्तकात हे कुठून असणार? आम्ही धावपळ करून केलं. सिसलॉग (सर्व्हरांच्या नोंदी) एका जागी कसा गोळा करायचा याला पुस्तक उपयोगी पडलं. पण किती दिवसांचा, कुठे आणि का, हे आदेशच वाचून समजून घ्यावं लागलं.

रूट_आजोबा

शिळं शिळं म्हणताय म्हणून चार ओळी. याची पहिली आवृत्ती १९८९ ची. मी दुसरीपासून पाहतोय. चौथीत सोलारिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स हे युनिक्स होते, पाचवीत तिन्ही उडाले. या तिन्हींवर मी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, त्या कमांडा आज कोणी रद्दीच्या भावात घेणार नाही. तेव्हा वाचलेलं डीएनएस अजून चालतंय. डेलिगेशन (नावांची जबाबदारी खाली सोपवणं) तेच, टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं) तेच, आणि झोन (डीएनएसच्या नोंदींची फाइल) बदलल्यावर सिरियल नंबर वाढवायला विसरणारी माणसंही तीच.

मूळ लेखकांतल्या एव्ही नेमेथबाई २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला शिडाच्या जहाजातून निघाल्या, ते जहाज सापडलंच नाही. पाचवी आवृत्ती त्यानंतरची. पुस्तक उघडलं की मला अजून त्या आठवतात. असो, विषयांतर झालं.

केबलकाका

आजोबा, आदर आहेच. पण मग 'डीएनएसचं प्रकरण वाचा' एवढंच म्हणा ना. पुस्तक वाचा कशाला म्हणता?

नवशिका_९९

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. हे पुस्तक लायब्ररीतून आणलं होतं. इंग्रजी कठीण नाही, पण मधेच विनोद करतात आणि ते विनोद आहेत हे मला दोनदा वाचून कळतं. एक पान वाचायला पंधरा मिनिटं लागतात. माझ्यासारख्याने यात वेळ घालवावा की सीसीएनएचे व्हिडिओ बघावेत? परीक्षा चार महिन्यांवर आहे.

केबलकाका

व्हिडिओ. आणि पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) रोज एक तास. हे पुस्तक नोकरी लागल्यावर कंपनीच्या पैशाने घे.

पॅकेटवाला

नवशिका, परीक्षेपुरतं काकांचं ऐक. त्यानंतर एखाद्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाक आणि टीसीपी-आयपीचं प्रकरण समोर उघडून तेवढंच कर. पानाला पंधरा मिनिटं लागली तर लागू देत, मला वीस लागायची.

काका, फायरवॉलचं आणि आयपी कसा द्यायचा त्याचं तुमचं म्हणणं मान्य. ती पानं मी पोराला वगळायलाच सांगितलीत. त्याऐवजी त्या त्या डिस्ट्रोची (उबंटू, डेबियनसारखे लिनक्सचे प्रकार) आजची मॅन पेजेस, म्हणजे सिस्टिममधलीच माहितीची पानं. राउटिंगचं प्रकरण त्याने चाळावं, त्याला त्यातलं बरंचसं येतं. पण 'डीएनएसपुरतं वाचा' हे मान्य नाही. प्रोसेस म्हणजे काय, बूट होताना काय काय उठतं, लॉग कुठे जातो, हे ज्या नेटवर्कवाल्याला माहीत नाही तो सर्व्हरवाल्याने "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हटलं की गप्प बसतो. मी बसलेलो आहे, दोन दिवस.

बाकी पोराचा वृत्तांत: काल विचारत होतं, "सर, फायरवॉलच्या लॉगमध्ये एकाच आयपीचा मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) सारखा का बदलतोय? आयपी डुप्लिकेट आहे का?" मी म्हटलं, तूच शोध. संध्याकाळी आलं. एका लिनक्स सर्व्हरची दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये लावलेली, आणि एका कार्डाच्या आयपीचा एआरपी (हा आयपी कोणाचा, ही हाक) विचारला तरी दोन्ही कार्डं हात वर करतात. स्विचला त्याने हातही लावला नाही, थेट सर्व्हरवर गेलं.

केबलकाका

लिनक्समध्ये एआरपी_इग्नोर १ करा, एआरपी_अनाउन्स २ करा. मला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं.

नॉकवाली

कधी कळलं काका?

केबलकाका

२०१४ ला. एका कोअर स्विचचं लाइन कार्ड उगाच बदलून झाल्यावर.