रात्री रस्त्यावर बसलेल्या गुरांची जबाबदारी कोणाची?

भांडुपकर

गणपतीला महिना राहिलाय. लालबाग, भांडुप, विरार, डोंबिवलीहून रात्री जेवून कोकणात गावी जायला गाडी काढणारे आपण सगळे त्याच रस्त्याने जाणार, म्हणून आजच लिहितो.

गेल्या आषाढात माझा मावसभाऊ लांजा तालुक्यात महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागला. रात्रीचे साडेआठ, भुरभुर पाऊस, मोटरसायकल चाळीस-पन्नासच्या वेगात. वळण संपलं तिथेच डांबरावर काळी गाय बसली होती. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खांदा निखळला. तीन महिने अंथरुणात गेले आणि अजून तो लंगडत चालतो. आता मूळ मुद्दा. सकाळी मी मुंबईहून पोचलो तेव्हा गाय तिथेच कडेला पडली होती, मागचा पाय मोडलेला. कुणीतरी तिच्या अंगावर गोणपाट टाकलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर डावा कान फाटलेला आणि रक्त अजून ओलं होतं. रात्रीत कुणीतरी येऊन कानातला पिवळा बिल्ला ओढून काढून नेला होता. त्यावरच्या बारा आकडी नंबरावरून मालक कळतो; नंबर गेला म्हणजे मालक गेला. वाडीत दहा घरं फिरलो. गाय कुणाचीच नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. दिवसा गुरं चरायला सोडा, पण दिवेलागणीला ती दावणीला हवीत. रात्री रस्त्यावर जनावर सापडलं तर ते कोंडवाड्यात जावं, मालकाला दंड व्हावा आणि त्याच्यामुळे माणूस जायबंदी झाला तर दवाखान्याचा खर्चही त्यानेच द्यावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराबाबत निष्काळजी राहून माणसाच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा आहे. तो लावायला आपण लाजतो, कारण मालक आपल्याच भावकीतला निघतो.

सड्यावरचा

भांडुपकर दादा, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण मी विरोधात लिहिणार आहे, आणि मनापासून लिहिणार आहे.

मी कांजूरमार्गला राहतो, आईवडील राजापूरकडे. घरी चार गुरं. वडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आता काठी घेऊन गुरांच्या मागे सडाभर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळभर, फिरणं जमत नाही. पूर्वी वाडीचा एक राखण्या असायचा, घरटी पाळी असायची. आज वाडीत राखण करायला वयात आलेला एकही मुलगा नाही. सगळे तुमच्या-माझ्यासारखे लोकलला लटकतायत.

चरायचं कुठे, तेही सांगा. सड्यावर कलमांच्या बागा झाल्या, त्यांना चिऱ्याचे गडगे आणि वर काटेरी तार. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्ता गोठा आणि चरणीच्या मधून गेला. गुरांना खालून जायला वाट काही ठिकाणीच ठेवलीय. मग ती रस्त्यावरूनच ओलांडणार. वर दुभाजकात झाडं लावून उन्हाळ्यात टँकरने पाणी घालतात. चैत्रात सगळा मुलूख करपलेला असताना हिरवं गवत फक्त दुभाजकात असतं. जनावराने काय करावं?

आणि तुम्ही मुंबईकर वर्षातून दोनदा येता ते शंभरच्या वेगाने. गाव तीनशे पासष्ट दिवस तिथेच असतं.

रात्रीचा टेम्पो

मी चौदा वर्षं वाशी ते कणकवली रात्रीचा माल नेतो. वेगाचं कोण काय म्हणतं ते बघू, पण ही गणितं डोक्यात ठेवा.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक. झाले साठ मीटर. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, काळं जनावर मला चाळीस-पन्नास मीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही, आणि समोरून कुणी अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारत आला तर तेवढंही नाही. म्हणजे ६० ला सुद्धा हुशार ड्रायव्हर वाचत नाही. ४० ला वाचतो. भांडुपकरांचा भाऊ चाळीस-पन्नासला होता आणि पुढे वळण होतं, त्याची काही चूक नव्हती.

एक सांगतो, कामाला येईल. रस्त्यावर ताजं शेण दिसलं की पाय उचलायचा, पुढे कळप आहेच. वासरू एकटं ओलांडताना दिसलं तर ते गेल्यावर निघायचं नाही, आई मागून येतेच. हॉर्न वाजवून बसलेली गाय उठेल या भरवशावर कधीही राहू नका.

गुरांचा डॉक्टर

वरच्या शेवटच्या वाक्यात बरंच तथ्य आहे, म्हणून थोडं सांगतो. मी पशुवैद्य आहे, नोकरीची पहिली अकरा वर्षं रायगड आणि रत्नागिरीत काढली, सध्या ठाण्यात असतो.

गाय उठते ती आधी मागच्या पायांवर. पुढचे गुडघे टेकलेले, मागचा भाग वर, मग पुढचे पाय. पोट भरलेली, रवंथ करत बसलेली गाय ह्याला चांगले काही सेकंद घेते. हॉर्न ऐकून ती उठायला लागली की गाडी पोचते नेमकी ती अर्धवट उठलेली असताना. लहान गाडीचं बॉनेट तिच्या पायांवर आदळतं आणि धड थेट काचेवर येतं. समोर बघत असेल तर डोळे चमकतात, पाठमोरी असेल तर काहीच चमकत नाही.

ती तिथे का बसते? पावसात गोठ्याबाहेर सगळीकडे चिखल. डांबर कोरडं पडतं, दिवसाची ऊब धरतं, आणि वाहनांच्या वाऱ्याने माश्या-डास अंगावर बसत नाहीत. तिच्या दृष्टीने गावात त्याहून चांगली जागा नाही. म्हणून हाकलून काही होत नाही, अर्ध्या तासात ती परत त्याच जागी येते. गोठा कोरडा आणि धुराने डासमुक्त असेल तर गुरं संध्याकाळी आपणहून घरी येतात, हे मी अनेक घरी पाहिलंय.

आता अवघड भाग. माझ्या पाहण्यात रात्री रस्त्यावर निम्म्याहून जास्त खोंड आणि भाकड गायी असतात. नांगर गेला, पॉवर टिलर आला, खोंडाला काम उरलं नाही. गाय १९७६ च्या कायद्यापासून कापता येत नव्हती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाही. पण जनावर विकण्याची शेवटची वाट बंद झाली आणि सांभाळण्याची नवी वाट कुणी काढून दिली नाही. मालक रात्री दावं सोडतो आणि सकाळी शोधायला जात नाही. आपली कोकण कपिला लहान चणीची, दूध जेमतेम दोन लिटर. ती आटली की पेंढा कुठल्या पैशाने आणायचा, हा त्या घरापुढचा खरा प्रश्न असतो.

सड्यावरचा

डॉक्टर, हेच. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय राज्यमाता झाली, गोशाळेत देशी गाईला दिवसाला ५० रुपये सुरू झाले. चांगलंच आहे. पण ते गोशाळेला. माझी आई भाकड गाय दारात सांभाळते, तिला एक रुपया नाही. गाय घरात ठेवणाऱ्याला काही नाही आणि दंड मात्र त्यालाच, हे कसं?

परळची सायली

मी विम्याच्या क्लेमचं काम करते. इथे दंडावर वाद चाललाय, पण जखमी माणसाच्या हातात काय येतं ते पाहा.

मोटरसायकलवाल्यांपैकी खूप जणांकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. गाय आडवी आली तर त्यात गाडीचं नुकसान मिळत नाही. हिट अँड रनची भरपाईही नाही, कारण ती मोटार वाहनाने ठोकलं तरच. उरतं मालक-चालकाचं १५ लाखांचं व्यक्तिगत अपघात कवच. ते मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच, आणि लायसन चालू असेल तरच. मांडी मोडून तीन महिने घरी बसलेल्याला त्यातून काही नाही. मागे बसलेली बायको त्या कवचात धरलेलीच नसते, वेगळं घ्यावं लागतं. गावी जाण्याआधी पॉलिसी काढून वाचा. आणि अपघात झाला तर पंचनामा करून घ्याच. «गाय आडवी आली, काय तक्रार करायची» म्हणून लोक तसेच दवाखान्यात जातात आणि मग माझ्या टेबलावर कागद म्हणून काहीच येत नाही.

दंडाबद्दल माझं मत भांडुपकरांच्या बाजूचं आहे. गरीब म्हातारीची गाय म्हणून सूट दिली, तर त्या गाईवर आपटणाराही बहुतेक वेळा गरीबच असतो. एसयूव्हीवाला वाचतो. मरतो तो मोटरसायकलवरचा गवंडी, दूधवाला, रात्रपाळीहून येणारा.

गोरेगाव पूर्व

गावालाच का नावं ठेवायची? आरे कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर मी पहाटे म्हशींना ब्रेक मारलेत. भुलेश्वरचं पांजरपोळ १८३४ सालचं, म्हणजे मुंबईत भटक्या जनावरांसाठी जागा असावी हे दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

मला वाटतं कुंपण हाच उपाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई-गांधीनगर वंदे भारतला एकाच महिन्यात तीनदा गुरं धडकली, वटव्याजवळ, आणंदजवळ, अतुलजवळ. मग रेल्वेने त्या मार्गाला लोखंडी कुंपण घातलं. गाडीचं नाक फुटलं तर कुंपण येतं, माणसाची मांडी मोडली तर नाही?

रात्रीचा टेम्पो

रेल्वेला कुंपण चालतं, तिथे दर दोनशे मीटरवर कुणाची पाणंद उतरत नाही. गावाच्या रस्त्याला घातलं तर लोक आठ दिवसांत तोडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

भांडुपकर

सड्यावरचा, शंभरच्या वेगाचं तुमचं म्हणणं मान्य, तसे लोक आहेत. पण मी महामार्गाबद्दल बोलतच नव्हतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरून मोकाट गुरं हटवून गोशाळेत ठेवा, गस्त घाला असं सांगितलं. महामार्गाला निदान गस्तीची गाडी मिळेल. गावच्या रस्त्याला कोण? तिथे ग्रामपंचायत आणि कोंडवाडाच. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात रस्त्याची देखभाल करणाऱ्याला आणि पोलिसाला रस्त्यावर भटकणारं गुरू पकडून २४ तासांत कोंडवाड्यात पाठवायचा अधिकार आहे. दीडशे वर्षं आहे. आमच्या गावचा कोंडवाडा मी लहानपणी भरलेला पाहिलाय. आज तिथे चार भिंती आणि मधोमध उंबराचं झाड आहे. वापरत का नाही?

सड्यावरचा

का नाही ते मी सांगतो, आणि हे तुम्हाला लागेल.

तुमच्या लहानपणी कोंडवाडा कोण भरत होतं? पोलीस नाही. शेतकरी. आषाढ-श्रावणात भात उभं असायचं. ओढाळ गुरू कुणाच्या चोंढ्यात शिरलं की तो बांधावरून ओरडत यायचा, गुरू कोंडवाड्यात घालायचा, आणि मालक रात्रीच्या रात्री पैसे भरून सोडवून आणायचा. ओढाळ असेल त्याच्या गळ्यात लोढणं यायचं. पावसाळ्यात गुरू मोकळं सोडायची कुणाची छाती नव्हती. उनाड सोडायची ती कापणी झाल्यावर, दिवाळीनंतर. सगळ्या गावाला ते वेळापत्रक पाठ होतं.

आज भात कोण लावतं? आमच्या वाडीत सोळा घरांपैकी तिघं. बाकीची शेतं पडीक, कारण मालक भांडुपला, नालासोपाऱ्याला. गुरू शिरलं तरी नुकसान नाही, म्हणून ओरडणारा नाही, म्हणून कोंडवाडा नाही, म्हणून गुरं बारा महिने उनाड. आणि कोंडवाड्यात घातलं तरी सोडवायला न आलेल्या जनावराचा पूर्वी लिलाव व्हायचा. आज खोंडाच्या लिलावात बोली कोण लावणार? ते पंचायतीच्या गळ्यात पडतं. भांडुपकर दादा, तुमच्या नावावर किती गुंठे पडीक आहेत?

भांडुपकर

बावीस गुंठे. अकरा वर्षं नांगर लागलेला नाही. दोन दिवस ह्याचं उत्तर काय द्यावं ते सुचत नव्हतं, म्हणून उशीर झाला.

तुमचं पटलं. माझं शेत ओसाड पडलं म्हणून गुरं सुटली, यात माझा वाटा आहे. तरीही एक गोष्ट मी सोडणार नाही. ज्याने रात्री टॉर्च घेऊन येऊन मोडक्या पायाच्या गाईचा कान फाडला, त्याला कळलं होतं की गाय आपली आहे आणि माणूस पडलाय. माझा भाऊ तिथून हाकेच्या अंतरावर चिखलात वीस मिनिटं पडून होता. गरिबी असेल, म्हातारपण असेल, भीती असेल. पण त्याने निदान हाक तरी मारायला हवी होती.

सड्यावरचा

त्याला माझ्याकडेही उत्तर नाही. ते चूकच होतं. मी त्याची बाजू घेणार नाही.

गुरांचा डॉक्टर

गणपतीआधी होण्यासारखं एकच सांगतो. गळ्यात रेडियमचा पट्टा, आणि शिंगांना रेडियमची पट्टी. पट्टा सैल ठेवा, दोन बोटं आत गेली पाहिजेत, नाहीतर गळ्याला जखम होते आणि अळ्या पडतात. फक्त शिंगांना लावली तर बसलेलं जनावर मान खाली घालून असतं तेव्हा दिसत नाही, म्हणून गळ्यात हवाच. ह्याने गुरं रस्त्यावरून जाणार नाहीत, पण टेम्पोवाल्या भाऊंना ती लांबून दिसतील.

रात्रीचा टेम्पो

दिसतात. दीडशे मीटरवरून चमकतात. पट्टा बांधलेला कळप मी सहज टाळलाय.

भांडुपकर

आमच्या भांडुपच्या मंडळाकडून शंभर पट्ट्यांचे पैसे जमवतो. सड्यावरचा, तुमचं गाव आमच्यापासून लांब नाही, तुमच्या वाडीत किती गुरं आहेत कळवा. घरोघर जाऊन बांधायचे तर मालक जवळ येऊ देतील का, ओळखीचं माणूस लागेल.

सड्यावरचा

आमची तेवीस, शेजारच्या वाडीची पंधराएक. वडील बरोबर येतील, त्यांना सगळी गुरं नावाने माहीत आहेत. संध्याकाळी पाचच्या आत या, नंतर ती रस्त्याकडे निघतात.