'सोब्रेमेसा'ला मराठीत काय म्हणाल?

उपशीर्षकमजूर
माद्रिदच्या लाबापिएस भागात घडणाऱ्या एका मालिकेची मराठी उपशीर्षकं करतोय. दोन भाऊ, आईचं घर विकायचंय. जेवायला बसताना धाकटा विषय काढतो, थोरला म्हणतो, "आत्ता नको, सोब्रेमेसाला बोलू." (स्पॅनिश शब्द: जेवण संपल्यावर मेजावरच बसून चालणाऱ्या गप्पा.) मग ताटं उचलली जातात, कॉफी येते आणि जागचं न हलता कडाक्याचं भांडण होतं. मी लिहिलं, 'जेवण झाल्यावर बोलू'. तपासनीस बाईंनी परत पाठवलं: जेवण झाल्यावर म्हणजे कधीही, अगदी उद्यासुद्धा. त्यांची सूचना, 'शतपावलीच्या वेळी'! ओळीला चाळीसेक अक्षरं मिळतात. उद्या संध्याकाळी द्यायचंय.

अडकित्ता
शतपावली म्हणजे नेमकं उलटं. आपल्याकडचे जेवणानंतरचे शब्द बघा: आंचवणं, शतपावली, वामकुक्षी. सगळे पानावरून उठल्यानंतरचे. पंगतीत मागची मंडळी खोळंबलेली, उष्टी काढायला कुणीतरी उभं. बसून राहायला शब्द येणार कुठून?

गोदाकाठची
तुमच्याकडे नसेल. आमच्या घरी 'हात वाळवत बसणं' होतंच की. आत्या आल्या की ताटात आमटीचा ओघळ सुकून पापुद्रा धरायचा, बोटांना भात कडक व्हायचा, तरी कुणी उठत नसे. आजी मोरीतून ओरडायची, "वाटण्या करूनच उठा आता!" जमिनीचे, लग्नांचे सगळे निर्णय तिथेच झाले. लिहा, 'हात वाळवताना बोलू'. चाळीसात बसतं.

माद्रिदस्थ
वाक्य झकास, पण पडद्यावर हातात काटा-सुरी आणि खाली 'हात वाळवताना'? प्रेक्षक बुचकळ्यात पडेल.
इथली वेळ आधी समजून घ्या. दुपारचं जेवण अडीच-तीनला. स्पेननं १९४० साली घड्याळं एक तास पुढे नेली ती आजतागायत तशीच, त्यामुळे उन्हाळ्यात माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तोच सव्वादोनला. पहिलं पान, दुसरं पान, गोड, मग कॉफी. त्यानंतर जे सुरू होतं ती सोब्रेमेसा. वेटर बिल आणत नाही. हवेत सही केल्यासारखा हात हलवून मागावं लागतं, न मागता आणलं तर तो 'उठा' म्हणाल्यासारखा अपमान. अर्थात आता माद्रिदची बरीच हॉटेलं जेवणाच्या दोन पाळ्या लावतात, साडेतीनला टेबल रिकामं करा म्हणतात. त्यावर लोक मनापासून चिडतात.
शिवाय हा शब्द टीव्हीचाही आहे. दुपारच्या बातम्यांनंतरचा पट्टा म्हणजे सोब्रेमेसा. 'साबेर इ गानार' ही प्रश्नमंजूषा १९९७ पासून त्याच पट्ट्यात चालू आहे. सूत्रसंचालक जोर्दी उर्तादो म्हातारे होतच नाहीत, ते डायनोसॉरच्या काळापासून आहेत, असे विनोद सगळा देश करतो. आणि शनिवार-रविवारी दुपारी जे सिनेमे लागतात, ते बघायचे नसतातच, त्यांच्यासमोर पेंगायचं असतं.

अडकित्ता
म्हणजे वामकुक्षीच! फक्त खुर्चीवर बसून.

माद्रिदस्थ
नाही हो. वामकुक्षी म्हणजे सिएस्ता. तो शब्द लॅटिनमधल्या 'सहाव्या तासा'वरून आला. हे दोन इथं एकमेकांचे वैरी आहेत, गप्पा लांबल्या की झोप बुडते.

शुद्धमती
इतकं रडगाणं कशाला? 'भोजनोत्तर बैठक'. अर्थ चोख, शब्द आपला.

गोदाकाठची
"आत्ता नको दादा, भोजनोत्तर बैठकीत बोलू." त्या भावांनी इतिवृत्तही लिहायचं का?

शुद्धमती
हसा. सावरकरांच्या 'महापौर'ला आणि 'दिनांक'लाही नाकं मुरडली गेली होती. आज अर्जावर दिनांक लिहिताना कुणाला हसू येतं? शब्द रुळवावे लागतात.

अडकित्ता
अर्ज आणि जेवण यांत फरक आहे की नाही? जेवणाच्या जागी मराठी माणूस संस्कृत बोलतो ते फक्त 'वदनी कवळ घेता'च्या ऐटीत, आणि तेही मराठीच आहे! विडा लावत बसायचो आम्ही. 'विड्यावर बोलू' म्हणा.

उपशीर्षकमजूर
विडा आवडला. पण ते कॉफी पितायत. 'कॉफीवर बोलू' केलं तर?

म्हापशेकार
मजा अशी की पोर्तुगीजात सोब्रेमेसा म्हणजे जेवणानंतरचं गोड! आमच्या आज्याच्या तोंडी तोच अर्थ. शब्द तोच, शेजारी देशात जाऊन गप्पांचं पुडिंग झालं. बाकी 'मेसा' म्हणजे तुमचं मेजच. आम्हीच दिलंय तुम्हाला, पाव-बटाट्याबरोबर.

शुद्धमती
मेज फारसी आहे. 'मेजवानी' कुठून आली मग? मेजबान म्हणजे यजमान, त्याचं काम ते मेजबानी. पोर्तुगीजातून मेजवानी काढून दाखवा.

म्हापशेकार
मेजवानी घ्या तुमची. कोकणीतलं मेज पोर्तुगीजच. एकाच उच्चाराचे दोन शब्द दोन वाटांनी येऊ शकत नाहीत काय? पगार, घमेलं, बिजागरी, हे तरी मान्य?

माद्रिदस्थ
अजून एक गंमत. दुकानात 'सोब्रेमेसाचा ओर्देनादोर' मागितला की टेबलावरचा संगणक देतात, आणि 'सोब्रेमेसाचं घड्याळ' म्हणजे मेजावर ठेवायचं घड्याळ.

उपशीर्षकमजूर
मंडळी, उद्या संध्याकाळ. 'कॉफीवर बोलू' की 'उठायच्या आधी बोलू'?

गोदाकाठची
दुसरं. त्यात न उठणं आहे. कॉफीवर म्हटलं तर लोकांना लग्नाची स्थळं आठवतात.

शुद्धमती
बिजागरी मान्य. पण स्पॅनिशमध्येही बिसाग्राच ना? मग पोर्तुगीजांचंच श्रेय कशावरून? तोलेदोला बिसाग्रा नावाची वेसही आहे.

माद्रिदस्थ
त्या वेशीचा बिजागरीशी संबंध नाही, ते नाव अरबी. 'बाब' म्हणजे दरवाजा, त्याचं 'बि' झालं.

म्हापशेकार
आणि श्रेयाचं म्हणाल तर १५१० साली गोव्यात कोण उतरलं, स्पॅनिश?

अडकित्ता
घमेल्याबद्दल माझी शंका आहे. ते कानडी नसेल कशावरून?