मदत हवी आहे : वाचनालयात संगणकप्रणाली आली, पण देवघेवीची वही बंद होत नाही

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आमचे वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त आणि 'ब' वर्गातील असून ग्रंथसंख्या वीस हजारांच्या वर आहे. गेल्या वर्षी आम्ही 'कोहा' ही ग्रंथालयाच्या कामकाजासाठीची मुक्तस्रोत (मूळ संगणकीय संकेत सर्वांना खुला असलेली) प्रणाली बसवली. २००० सालापासून न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात वापरात आलेली ही प्रणाली आज जगभर चालते आणि तिला परवाना शुल्क नाही, हे आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने मोठे कारण होते. पुस्तकांवर बारकोड लागले, बहुतेक नोंदी झाल्या, प्रशिक्षणही झाले. अडचण त्यानंतर सुरू झाली.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी देवघेव विभागातील सहकारी पुस्तक वहीत लिहून देतात आणि 'नंतर संगणकावर चढवू' म्हणतात. ते नंतर बऱ्याचदा होत नाही. त्यामुळे संगणक पुस्तक कपाटात असल्याचे दाखवतो, वाचक शोधून रिकाम्या हाताने परत येतो आणि 'आम्ही म्हणत होतोच, त्यावर भरवसा ठेवता येत नाही' असे त्याला ऐकवले जाते. वहीमुळे संगणकातील माहिती चुकते आणि ती चुकते म्हणून वही सोडवत नाही, अशा फेऱ्यात आम्ही अडकलो आहोत.

कर्मचारी संगणकाला घाबरतात, असे कार्यकारी मंडळातील काहींचे मत आहे. ते मला पटत नाही. हीच मंडळी वर्गणी यूपीआयने घेतात आणि नव्या पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर वाचकांना पाठवतात. मला दोन कारणे दिसतात. एक, त्याच पगारात काम दुप्पट झाले आहे आणि जादा मोबदला देण्याची संस्थेची ऐपत नाही. दुसरे कारण थोडे नाजूक आहे. आमच्या देवघेवीतील ज्येष्ठ सहकाऱ्यांना, ज्यांना सारा गाव काका म्हणतो, कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे आणि कोणत्या वाचकाला काय रुचेल हे तोंडपाठ आहे. हे काम यंत्राने करायचे ठरल्यावर आपली गरज काय उरणार, हा त्यांचा प्रश्न ते बोलून दाखवत नसले तरी जाणवतो.

त्यात मराठी टंकलेखनाची भर पडली आहे. एक जण इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक वापरतो, दुसरा रोमन अक्षरांतून टाइप करतो. 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एका प्रकारे नोंदलेले शीर्षक दुसऱ्या प्रकारे शोधल्यास आमच्याकडे सापडत नाही. लेखकाचे आडनाव आधी की आद्याक्षरे आधी, यातही एकवाक्यता नाही.

माझे प्रश्न असे : वही एकदम बंद करावी की टप्प्याटप्प्याने? तपासणीच्या वेळी कागदावरील नोंदी मागितल्या, तर काय दाखवावे? आणि काकांसारख्या सहकाऱ्यांना या बदलात मानाने कसे सामावून घ्यावे?

प्रतिसाद :

आमच्या वाचनालयात असेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. दाखल नोंदवही आणि देवघेवीची वही यांत आधी फरक करा. पहिली संस्थेच्या मालमत्तेची नोंद आहे, ती कागदावर राहू द्या. रोजचे काम दुप्पट होते ते दुसरीमुळे. आम्ही सर्वप्रथम फक्त बालविभागाची देवघेवीची वही पूर्ण बंद केली. पुस्तके कमी, वाचक उत्साही आणि रांग लहान, त्यामुळे कर्मचाऱ्यांचा हात लवकर बसला. दिवसाच्या शेवटी प्रणालीतून देवघेवीचा तक्ता छापून, ग्रंथपालांची सही घेऊन फाइलला लावतो. तपासणीत तोच दाखवतो. इंटरनेट गेल्यास नोंदी तात्पुरत्या साठवून नंतर चढवण्याची सोय कोहामध्ये आहे, ती आधीच बसवून घ्या. वीजच गेली तर कागद वापरावाच लागेल, मात्र त्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या दिवशी दार उघडण्यापूर्वी चढल्या पाहिजेत आणि ते काम एकाच व्यक्तीच्या नावावर असावे.

काकांना पडद्यासमोर बसवण्याचा आग्रह सुरुवातीला धरू नका. नोंदींतील विषय आणि लेखकांची नावे तपासण्याचे अधिकार त्यांना द्या. नवशिक्या टंकलेखकाला न दिसणाऱ्या चुका त्यांना चटकन दिसतील आणि त्यांनी मान्य केलेली नोंद चुकीची आहे, असे इतर सहकारी सहसा म्हणणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. बालविभागाचा प्रस्ताव पुढील बैठकीत मांडतो आणि नोंदी तपासण्याविषयी त्याआधी काकांशीच बोलतो. 'ऱ्य'चा प्रश्न मात्र राहतोच. जुन्या नोंदी एकाच प्रकारात आणण्याचे काम कोणी केले असल्यास, ते प्रणालीतूनच झाले की नोंदी बाहेर काढून दुरुस्त कराव्या लागल्या, हे कृपया कळवावे.